पुलाखालचं पाणी

मंडळी, मागचे दोन-तीन विकांत ब्लॉग कोराच गेला. ऑफिसात रिलीज होतं, आणि त्या रिलीजच्या ऐन तोंडावर मी चक्क एक दिवस गायब होतो. का गायब होतो, त्याचीच ही गोष्ट. गोष्ट एका ओढ्यावरच्या साध्या पुलापासून सुरू होते, पण हैदराबाद, खडकवासला, पणजी, महाड असं बरंच फिरून परत त्याच पुलावर येते. तेव्हा चहा घेऊन बसा.

माझं आजोळ हिंगोली जिल्ह्यातलं. (पुण्यात 'हिंगोली म्हणजे विदर्भात ना?' असं मला दर दोन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच :-) नाही हो, मराठवाड्यात. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झालेला जिल्हा.) उत्तरेला पैनगंगा, तिच्या पलीकडे विदर्भ. जिल्ह्याच्या मधून, हिंगोली शहराला चाटून जाणारी कयाधू. दक्षिणेकडे पूर्णा, तिच्यावर सिद्धेश्वर धरण. बाकी सगळी काळी माती, हळद, सोयाबीन आणि कापूस. उन्हाळ्यात यातल्या बऱ्याच नद्यांमध्ये क्रिकेट खेळता येतं. आम्ही खेळलोय.

मामाचं गाव डांबरी रस्त्यापासून चार किलोमीटर आत. मध्ये एक ओढा, आणि ओढ्यावर नळकांडी पूल. म्हणजे सिमेंटचे पाच गोल पाईप शेजारी शेजारी ठेवायचे, वर काँक्रीट ओतायचं आणि त्यावरून रस्ता न्यायचा. कठडा वगैरे नाही. मी आठवीत असताना हा पूल झाला, तेव्हा गावात पेढे वाटले होते. त्याआधी पावसाळ्यात आजारी माणसाला बाजेवर घालून ओढा ओलांडावा लागे, त्यामुळे पेढे अगदी रास्तच होते.

तर मागच्या पावसाळ्यात शनिवार-रविवार गावी गेलो होतो. शनिवारी रात्री ढगफुटी व्हावी तसा पाऊस झाला. रात्रभर ओढ्याचा आवाज घरात ऐकू येत होता. रविवारी दुपारपर्यंत पाणी उतरलं, पूल उघडा पडला. वर थोडा गाळ, एक-दोन बाभळीची खोडं अडकलेली, बाकी पूल जसाच्या तसा. सोमवारी रिलीज, पुण्याला पोचायला नऊ-दहा तास. मी गाडीत बॅग टाकली आणि निघालो. मामा दुचाकीवरून पूल दाखवायला पुढे आले होते. त्यांनी पुलाच्या अलीकडेच दुचाकी आडवी लावली.

"मामा, पाणी तर उतरलंय."

"उतरलंय तर मग घाई कामून करायलास? खाली उतर."

मी खाली उतरलो आणि पाणी येतं त्या बाजूला जाऊन वाकून बघायला लागलो. पाईप ठीक, काँक्रीट ठीक. मामा म्हणाले, "त्या अंगाला काय बघायलास? पाणी जिकडं पडतंय तिकडं बघ."

खालच्या अंगाला गेलो आणि पोटात गोळा आला. पुलाखालची जमीनच नव्हती. पाईपांच्या तोंडापुढे जी दगडी फरसबंदी होती, ती पूर्ण वाहून गेली होती, आणि तिथून पाण्याने उलटं, पुलाच्या पोटात शिरून माती खाल्ली होती. मामांनी हातातली काठी पाईपाखाली घातली. पाच फुटांची काठी मुठीपर्यंत आत गेली. म्हणजे जवळजवळ अर्धा पूल नुसता हवेत होता. वरून बघितलं तर? एकदम ओके. आमच्या भाषेत सांगायचं तर होमपेज उघडतंय, आणि मागे डेटाबेस जळून गेलाय.

त्या दिवशी मी पुण्याला गेलो नाही. मॅनेजरला फोन करून 'पूल तुटलाय' असं सांगितलं, तर तो म्हणाला 'फोटो पाठव'. मी वरून काढलेला फोटो पाठवला. तो म्हणाला, 'यात तर पूल दिसतोय.' त्या क्षणी मला कळलं, की पुलांचा खरा प्रश्न हाच आहे. मग पुढचे काही विकांत मी पूल का पडतात यावर मिळेल ते वाचत बसलो. त्याचा हा गोषवारा.

पाणी पूल कसा खातं

आपल्याला वाटतं की पुराचं पाणी पुलाला ढकलून पाडतं. तसंही होतं, पण बहुतेक वेळा पाणी पुलाशी भांडतच नाही. ते पुलाखालच्या जमिनीशी भांडतं. नदीच्या मध्ये खांब उभा केला की पाण्याची वाट अडते. समोरून येणारं पाणी खांबावर आपटून खाली वळतं, तळाशी भोवरा तयार होतो आणि तो घोड्याच्या नालेसारखा खांबाला दोन्ही बाजूंनी विळखा घालतो. हा भोवरा गिरमिटासारखा तळातली वाळू-माती उपसून काढतो. इंजिनियर मंडळी याला 'स्कावर' म्हणतात. आपण तळ खरवडणं म्हणू.

यात एक भयंकर गणित आहे. पाण्याचा वेग दुप्पट झाला की ते किती वजनाचा दगड हलवू शकतं? दुप्पट नाही, चौपट नाही, साधारण चौसष्ट पट. म्हणजे एरवी जो ओढा वाळूचा कण ढकलतो, तोच पुरात धोंडे गडगडत नेतो. रात्री घरात ऐकू येतो तो 'पाण्याचा आवाज' बऱ्याच वेळा या दगडांचा असतो.

आणि याहून वाईट म्हणजे, पूर उतरताना वेग कमी होतो आणि वरून आलेला गाळ त्याच खड्ड्यात बसतो. खड्डा भरून निघतो. आठ दिवसांनी साहेब पाहणीला आले की त्यांना तळ सपाट दिसतो. पण तो भरलेला गाळ म्हणजे भुसभुशीत भुसा. पुढच्या पुरात तो पहिल्या तासात निघून जातो. प्रोग्रामर मंडळींना हा प्रकार ओळखीचा वाटेल: प्रोडक्शनवर रात्री तीनला येणारा आणि सकाळी बघायला गेलं की न सापडणारा बग.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात स्कोहारी क्रीक नावाच्या नदीवरचा हमरस्त्याचा पूल ५ एप्रिल १९८७ ला असाच पडला. १९५० च्या दशकातला पूल. बांधला त्याच सुमारास एक मोठा पूर त्याने पचवला होता. पण खांबाभोवती संरक्षणाला टाकलेले दगड नंतरच्या वर्षांत हळूहळू वाहून गेले आणि कोणी परत टाकले नाहीत. बत्तीस वर्षांनी दुसरा पूर आला, खांबाखालची जमीन गेली आणि १० माणसं मेली. त्यानंतर तिथे प्रत्येक पुलाचा या खरवडीच्या दृष्टीने हिशेब करायची सक्ती झाली.

निजामाचं राज्य आणि दोन पूर

आता थोडं मागे जाऊ. हिंगोली १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. म्हणजे आमच्या पणजोबांची राजधानी मुंबई नव्हती, हैदराबाद होती. त्या राजधानीतून मुसी नदी वाहते. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसीला असा पूर आला की हजारो माणसं गेली. शहराचे दोन भाग जोडणारे अफझल, मुसल्लम जंग आणि चादरघाट हे तीन पूल पाण्याने मोडले. टिकला तो १५७८ सालचा कुतुबशाही पुराना पूल! पुढच्या वर्षी निजामाने एका इंजिनियरला बोलावलं. हे गृहस्थ त्याआधी मुंबई इलाख्यात नोकरीला होते आणि पुण्याच्या खडकवासला धरणावर त्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे बसवले होते. नाव अर्थातच मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की नुसते पूल मजबूत करून भागणार नाही, पाणी वरच अडवायला हवं. त्यातून पुढे उस्मानसागर (१९२०) आणि हिमायतसागर (१९२७) हे तलाव झाले. म्हणजे पुलाचा प्रश्न पुलापाशी सुटत नाही, तो वरच्या पाणलोटात सुटतो, हे शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी सांगून ठेवलंय.

त्याच सुमारास, १९१२ च्या आसपास, पूर्णा जंक्शनवरून हिंगोलीपर्यंत निजामाची मीटरगेज आली. स्वातंत्र्यानंतर ती अकोला-खांडव्याकडे जोडली गेली, आणि २००८ मध्ये पूर्णा-अकोला मार्ग ब्रॉडगेज झाला. आमच्या लहानपणी त्या छोट्या गाडीतून आजोळी जाताना कयाधूचा पूल आला की सगळी पोरं खिडकीला. आजी नदीत दहा पैसे टाकायची. मी तेव्हा पुलाच्या खांबावर रंगवलेले आकडे आणि लाल पट्टा बघायचो, आणि मला ती शोभा वाटायची. ती शोभा नव्हती. नदीचं पाणी त्या पट्ट्यापर्यंत आलं तर गाडी थांबवायची, असा तो हुकूम होता.

रेल्वेला ही शिस्त फुकटात मिळालेली नाही. २ सप्टेंबर १९५६ ला जडचर्ला आणि महबूबनगरच्या मध्ये पुरात पूल गेला आणि त्यावरून जाणारी गाडी नदीत पडली. शंभराहून जास्त बळी. हे तेव्हाच्या हैदराबाद राज्यातच घडलं. हिंगोलीही त्या दिवशी त्याच राज्यात होती, दोनच महिन्यांनी १ नोव्हेंबरला मराठवाडा मुंबई राज्यात आला. रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्रींनी राजीनामा दिला, नेहरूंनी तो घेतला नाही. लगेच २३ नोव्हेंबर १९५६ ला तमिळनाडूत अरियालूरजवळ पुन्हा तेच: पूर, खचलेला पूल, गाडी पाण्यात, सुमारे दीडशे बळी. या वेळी शास्त्रींचा राजीनामा स्वीकारला गेला. शाळेत आपण 'नैतिक जबाबदारी'चं उदाहरण म्हणून हा राजीनामा शिकतो. पण तो कशावरून दिला, हे कोणी विचारलं तर? मला तरी सांगता आलं नसतं. उत्तर आहे: पुलाखालून वाहून गेलेली माती.

आज रेल्वेच्या प्रत्येक पुलाला नंबर असतो, त्याची नोंदवही असते, दर पावसाळ्यानंतर इंजिनियरने तो स्वतः पाहायचा असतो. जिथे पाया कायम पाण्यात असतो तिथे ठराविक वर्षांनी पाण्याखाली उतरून तपासणी करायची असते. पावसाळ्यात रुळांवरून रात्री गस्त चालते, धोक्याच्या पुलांवर कंदील घेऊन माणूस बसतो. हे सगळं कंटाळवाणं काम आहे. यात कोणी रिबीन कापत नाही. पण पूल उभे राहतात ते या कंटाळवाण्या कामावर.

खडकवासल्याचा हिशेब

पुणेकरांसाठी खास माहिती. खडकवासल्याला सीडब्ल्यूपीआरएस नावाची संस्था आहे. तिची सुरुवात १९१६ ची. आपण सिंहगडला जाताना तिच्या फाटकावरून शेकडो वेळा जातो आणि आत काय चालतं याचा विचारही करत नाही. तिथले संचालक सर क्लॉड इंग्लिस यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस गंगेवरच्या (तिथे तिला पद्मा म्हणतात, आता बांगलादेशात) हार्डिंज पुलाच्या खांबांची छोटी मॉडेलं करून, त्यांच्याभोवती वाळू किती खोल खरवडली जाते हे मोजलं. त्यातून निघालेलं सूत्र आजही जगभरच्या पुस्तकांत 'इंग्लिस-पूना' या नावाने येतं. आपल्या पुण्याच्या नावाचं सूत्र, आणि मला ते चाळिशी जवळ आल्यावर कळलं!

भारतीय पुलांच्या नियमात याचा मथितार्थ सोपा आहे. पुराच्या पाण्याच्या पातळीपासून नदीचा तळ सरासरी किती खोल खरवडला जाईल ते काढायचं, आणि खांबापाशी त्याच्या दुप्पट खोली धरायची. पाया त्याच्याही खाली न्यायचा. खडक लागला तर उत्तम. म्हणजे पुलाचा महत्त्वाचा भाग तो, जो आपल्याला कधीच दिसत नाही.

दुसरा शत्रू: गंज

पाणी नेहमी पूर होऊनच येतं असं नाही. ते गुपचूपही येतं. काँक्रीटच्या बारीक भेगांतून आत शिरतं आणि आतल्या लोखंडाला गंज चढवतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जास्त जागा व्यापतो, त्यामुळे तो काँक्रीटला आतून फाडतो. तुमच्या सोसायटीच्या गच्चीखाली सळया दिसतात आणि प्लास्टर पोपडे होऊन पडतं ना, तेच. समुद्राजवळ तर खारी हवा आणि मीठ हे काम फारच झपाट्याने करतात.

पणजीचा मांडवी पूल आठवतो? आज तिथे दोन-तीन पूल दिसतात, पण १९७० च्या सुमारास झालेला पहिला पूल ५ जुलै १९८६ ला कोसळला. वय जेमतेम पंधरा-सोळा. आतल्या ताणलेल्या पोलादी तारा गंजल्या होत्या. पुढची काही वर्षं पणजीकर पुन्हा फेरीबोटीने नदी ओलांडत होते. मुंबईचा १९७३ चा ठाणे खाडी पूल पडला नाही, पण त्यातही अशाच तारा गंजल्या आणि १९९७ मध्ये शेजारी दुसरा पूल उभा करावा लागला. दगडी कमानीचे पूल याबाबतीत नशीबवान, त्यात लोखंडच नाही. पण त्यांचा चुना वर्षानुवर्षं झिरपणाऱ्या पाण्यात विरघळतो, आणि सांध्यात पक्ष्याच्या विष्ठेतून पिंपळ उगवतो. पिंपळाचं कोवळं पान फार गोड दिसतं, पण त्याचं मूळ पहारीचं काम करतं.

महाड, २ ऑगस्ट २०१६

हे सगळं एका रात्रीत कुठे एकत्र आलं असेल तर महाडला. मुंबई-गोवा महामार्गावर सावित्री नदीवरचा १९२८ चा दगडी कमानीचा पूल. शेजारी नवा पूल होता, दोन्हींवरून वाहतूक चालू होती. सावित्री उगम पावते महाबळेश्वरला, आणि तिथला पाऊस तुम्हाला माहीतच आहे. त्या रात्री साडेअकराच्या सुमारास नदी दुथडी भरून वाहत असताना जुना पूल कोसळला. जयगडहून आणि राजापूरहून मुंबईकडे निघालेल्या दोन एसटी बस आणि काही खाजगी गाड्या अंधारात थेट नदीत गेल्या. चाळीसच्या आसपास माणसं. जवळच्या गॅरेजमधल्या एका माणसाच्या लक्षात आलं की पुढे गेलेल्या गाड्यांचे दिवे अचानक नाहीसे होतायत, आणि तिथल्या लोकांनी रस्त्यावर येऊन बाकीच्या गाड्या थांबवल्या. नाहीतर आकडा कुठे गेला असता कोण जाणे. बस शोधायला नौदलाचे पाणबुडे आले, क्रेनला जड लोहचुंबक बांधून नदीत सोडला गेला. कित्येक दिवस शोध चालला.

मला यातली एक गोष्ट विसरता येत नाही. त्याच वर्षी मे महिन्यात या पुलाची पाहणी झाली होती आणि तो वाहतुकीला योग्य ठरला होता, अशी माहिती तेव्हा सरकारकडूनच देण्यात आली. पाहणी केलेली माणसं खोटं बोलली असं मी म्हणत नाही. त्यांनी बहुधा तेच पाहिलं जे माझ्या मॅनेजरने फोटोत पाहिलं. मे महिन्यात, कोरड्या नदीत, पूल दिसतोच की!

नवा पूल विक्रमी वेळात, १६५ दिवसांत बांधून ५ जून २०१७ ला खुला झाला. आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्राने राष्ट्रीय महामार्गांवरच्या पुलांची नोंद आणि वर्गवारी करणारी संगणक प्रणाली सुरू केली. म्हणजे थोडक्यात आपल्याच धंद्यातलं काम: आधी आपल्याकडे काय काय आहे याची यादी करा. चांगली गोष्ट आहे. पण ती राष्ट्रीय महामार्गांपुरती. १५ जून २०२५ ला, रविवारी दुपारी, पुण्याजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना गंजका लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळला आणि चार जण गेले. तो कुठल्या महामार्गावर नव्हता. मामाच्या गावचा पूलही नाही.

पाच पाईपांचं गणित

आता परत ओढ्यावर या. अडकून पडलो होतो, म्हणून मामांच्या ओसरीवर बसून मी एक ढोबळ हिशेब केला.

आपल्याकडे महसूल खात्याच्या लेखी २४ तासांत ६५ मिलीमीटरहून जास्त पाऊस म्हणजे अतिवृष्टी. समजा ओढ्याचं पाणलोट २० चौरस किलोमीटर आहे. त्यावर ६५ मिलीमीटर पडलं तर होतं १३० कोटी लिटर. काळी माती आधीच भिजून फुगलेली असली की आत फारसं मुरत नाही, तरी अर्धंच वाहिलं असं धरू, म्हणजे ६५ कोटी लिटर. हा पाऊस रात्री तीन तासांत कोसळला असेल, तर सेकंदाला सुमारे ६० हजार लिटर पाणी पुलापाशी येणार. मीटरभर व्यासाचे पाच पाईप, त्यातून चांगल्या वेगाने पाणी गेलं तरी सेकंदाला १२ हजार लिटर. तेही पाईपात बाभळीची खोडं, प्लास्टिक आणि सोयाबीनचं भुसकट अडकलेलं नसेल तर!

बाकीचं ४८ हजार लिटर कुठे जाणार? वरून. आणि वरून जाऊन पलीकडे धबधब्यासारखं पडणार. धबधबा जिथे पडतो तिथे डोह होतो, हे आपण तिसरीत शिकतो. तो डोह मागे मागे सरकत पुलाच्या पोटात येतो. मामांनी 'पाणी जिकडं पडतंय तिकडं बघ' म्हटलं ते याचसाठी. आणि पूल फारच मजबूत असला, तर पाणी बाजूचा मातीचा भराव कापतं. पूल शाबूत, रस्ता गायब. मराठवाड्यात पावसाळ्याच्या बातम्यांत हा फोटो तुम्ही दर वर्षी पाहता.

पूर्वी हे चालून जायचं, असं मामा म्हणतात. पाऊस महिनाभर रिपरिप पडायचा, शेतांचे बांध मोठे होते, ओढ्यात वाळू होती, काठाला झाडं होती. आता पाऊस येतो तो एकदम. जुलै २०२२ मध्ये आमच्याच जिल्ह्यात वसमत तालुक्यातल्या कुरुंद्यात एका रात्रीच्या पावसाने घराघरांत पाणी शिरलं होतं. आणि ओढ्यातली वाळू ट्रॅक्टरने कुठे गेली, हे सगळ्या गावाला माहीत असतं आणि कोणालाच माहीत नसतं. वाळू म्हणजे नदीच्या पायातलं जोडं. ते काढलं की पाणी थेट हाडावर काम करतं.

सोमवार

त्या रविवारी संध्याकाळी मामा आणि चार पोरांनी पुलाच्या दोन्ही तोंडांना बाभळीच्या फांद्या तोडून टाकल्या आणि मध्ये एक लाल लुगडं बांधलं. मी म्हटलं, "मामा, एवढं कशाला? गावाला तर कळलंय." मामा म्हणाले, "गावाला कळलंय रे. सकाळी सातला शाळेची जीप येती बाहेरून, तिला काय माहीत?"

सोमवारी सकाळी मीही तिथे उभा होतो. पावणेसातला जीप आली. ड्रायव्हरने काच खाली करून, "पाणी तर नाही की, काढा फांद्या" असं म्हटलं. अगदी माझंच वाक्य. मामांनी त्याला खाली उतरवून त्याच काठीने तेच दाखवलं. त्याने काही न बोलता जीप मागे घेतली. त्या दिवशी गावातली पोरं पायवाटेने वळसा घालून, चिखल तुडवत जीपपर्यंत गेली. पंधरा पोरं. मी मोजली.

पुढे काय झालं? एका कार्यालयात अर्ज दिला, त्यांनी दुसऱ्या कार्यालयाकडे पाठवला. दरम्यान गावाने वर्गणी काढून पाच ट्रॉल्या धोंडे आणून पोकळीत रचले, वर तारेची जाळी बांधली. हे तात्पुरतं आहे हे मामांनाही माहीत आहे. म्हणून प्रत्येक मोठ्या पावसानंतर ते काठी घेऊन जातात. काठीला त्यांनी खाचा पाडल्यात, मागच्या वेळी कुठपर्यंत गेली होती ते कळायला. मी त्यांना म्हटलं, याला आम्ही मॉनिटरिंग म्हणतो. ते म्हणाले, "आम्ही काठी म्हणताव." :-)

असो. जाता जाता दोन कामाच्या गोष्टी, कारण आपण सगळेच पावसाळ्यात गाड्या काढून फिरायला जातो. एक, वाहतं पाणी फूटभर असलं तरी छोटी गाडी उचलली जाते, दोन फुटांत बहुतेक गाड्या जातात. तेव्हा पुलावरून पाणी असेल तर थांबा, पुढचा ट्रक गेला म्हणून आपण जायचं नाही. दोन, पाणी उतरल्यावर लगेच पहिली गाडी आपली नको. दोन मिनिटं खाली उतरून, पाणी ज्या बाजूला पडतं त्या बाजूने बघा.

रिलीज एक दिवस उशिरा झालं. कोणाचंही काहीही बिघडलं नाही.